दोन आकडी प्रत्यय

महाप्याच्या काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर
रात्री साडेनऊला मी ओहायोतला कालचा दिवस उघडते.
कुणाचा गुडघा, कुणाचा मोतीबिंदू,
कुणाच्या पोटात घातलेली दुर्बीण
नाडी बसली म्हणून अर्ध्यातच बाहेर काढलेली.
(तिथे त्रेपन्न. झालं तेवढंच सांगायचं,
थांबलो, हेही सांगायचं.)

पहिल्या दिवशी लिसम्मा मॅडम म्हणाल्या होत्या,
कोड म्हणजे काय केलं.
मागचे दोन आकडे म्हणजे कसं, कुठं, कितव्यांदा.
मला एकदम पाचवीतला फळा दिसला:
स, ला, ते, स, ला, ना, ते.
शब्द तोच. मागे काय लागतं
त्यावर ठरतं कोण मारतो आणि मार कुणाला बसतो.

एक बाई चामखीळ काढायला आली होती.
निघता निघता म्हणाली, हल्ली जिना चढला की धाप लागते.
डॉक्टर परत खुर्चीत बसले,
छाती ऐकली, गोळी बदलली.
ते परत बसणं म्हणजे पंचवीस.
तो चामखिळीला लावायचा नाही, भेटीला लावायचा.
आणि डॉक्टर उठले ते उठलेच असतील
तर हात आवरायचा.

डावा एल-टी, उजवा आर-टी.
यात काय चुकायचं?
पहाटे तीनला मी माझे दोन्ही तळवे
कीबोर्डशेजारी ठेवून बघते,
घास उचलतो तो कुठला.

घात केला एकोणसाठने.
शेजारचा प्रणीत भोपी म्हणाला, लाव बिनधास्त,
कुठलंही कुलूप उघडतं.
उघडायचंही.
अडकलेले क्लेम भराभर सुटले, माझं नाव बोर्डावर लागलं,
महिन्याच्या शेवटी ऑडिटमध्ये अकरा उलटले.
मॅडम ओरडल्या नाहीत. एक चार्ट उघडला.
जाळला तो डाग कुठे होता?
पाठीवर.
तपासायला तुकडा घेतला तो?
पाठीवर.
कुठल्या डागाचा?
… त्याच.
मग तांडेल, वेगळं काय होतं?

फरक नसताना फरक लिहिण्याला
आमच्या धंद्यात एक इंग्रजी शब्द आहे.
घरी त्याला लबाडी म्हणतात.
मी अकराही चार्ट परत वाचले.
दोन ठिकाणी जागा खरंच वेगळी होती,
एक कपाळ, एक खांदा,
पण डॉक्टरांनी लिहिलंच नव्हतं कपाळ.
मॅडम म्हणाल्या, लिहिलं नाही म्हणजे झालं नाही.
डॉक्टरांना विचार. तू अंदाज करू नकोस.

सकाळी साडेसातला घणसोलीत घरी येते
तेव्हा बाबा ओट्यावर असतात.
त्या दिवशी विचारलं, तू रातभर करतंस तरी काय गो?
मी म्हटलं, सगळं एकात मोजून टाकलेलं असतं,
त्यातलं खरंच वेगळं असेल तेवढं
वेगळं करून दाखवते.

ते बराच वेळ चहाच्या कपात बघत राहिले.
मग आत गेले, पिशवीतून आजोबांच्या जमिनीचा कागद आणला,
घडीवर फाटलेला, उलट बाजूने चिकटपट्टी लावलेला.
खाडीकडचं शेत, मिठागरातला हिस्सा, विहीर,
सगळ्याला मिळून एकच आकडा.
ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणाले,
तिथं उंबर होता आपला. बांधाच्या बाहेर. वेगला.
त्याला काय लागला असता?

एकोणसाठ, मी म्हटलं.
पण नोंद लागते, बाबा.
कुठेतरी लिहिलेलं लागतं की तो होता.

नोंद?
त्याचे फांदीवरशी परलू, तवा हात मोरला माजा.
बाही वर सारून त्यांनी कोपर पुढे केलं,
पूर्ण सरळ न होणारं.

लहानपणापासून बघत आलेय मी ते.
तरी विचारलं, कामाच्या सवयीने,
कुठला हात?

डावा, म्हणाले.
लिव.