एकच शाल

वणीच्या वाचनालयात आमची दोन्ही नावं
एका दमात घेतली.
पुरस्कार लेखक-संपादकाचा, जोडीचा;
शाल मात्र एकच आणलेली.

मंजुळा गेडाम मागच्या बाकावरून उठेचना.
म्हणे, "म्या काय केलं? निंदलं फक्त."

फक्त.
एकशे चाळीस पानं उपटली तिनं,
बापाच्या मरणाचं अख्खं प्रकरण,
आणि समासात हिरव्या शाईनं:
"इथं तू रडतोस. त्याला मरू दे."

दोन महिने बोललो नाही मी.

मग एका पानावर दिसलं,
'तरोटा' खोडून
खाली टिंबं देऊन परत उभा केलेला.
"राहू दे. याची भाजी होते."

शाल तिच्याच खांद्यावर टाकली.
तिनं घडी उलगडली,
किमतीची चिठ्ठी दातानं तोडली,
"हे एवढं राहूनच गेलं होतं."