चौतीस औंस

एल्पिदिओ मोरोन्ता पहिल्यांदा माझ्या कारखान्यात आला
तेव्हा पेनसिल्व्हेनियात मार्च होता, अंगणात बर्फ,
आणि त्याच्या पायांत कापडी बूट.
वीस वर्षांचा. अझुआकडचा, टोमॅटोच्या शेतांतला.
इंग्रजी येत होतं चार शब्द, त्यांतला एक आकडा:
चौतीस.
मी म्हटलं, जड होईल पोरा.
तो हसला, आणि भिंतीला टेकलेला ॲशचा ओंडका
कोंबडं उचलावं तसा बगलेत घेऊन उभा राहिला.

लाकूड लेथवर चढवलं. रेघा मोजल्या, इंचाला नऊ.
भुसा उडत होता, तो मूठभर घेऊन हुंगत होता.
हातवारे करून म्हणाला, गावी झाडूच्या दांड्यानं
बाटल्यांची झाकणं मारायचो.
झाकण वाकडं येतं, मधेच बुडी मारतं.
चेंडू म्हणजे त्यापुढे पोरखेळ.

त्या उन्हाळ्यात एकतीस होमरन. पुढच्या, सत्तेचाळीस.
लेथच्या घरघरीत रेडिओवरची बडबड ऐकू यायची नाही,
फटका तेवढा यायचा.
दारातलं कुत्रं कान टवकारायचं.
क्लीव्हलंडला एक चेंडू मैदान ओलांडून
आईसक्रीमच्या गाडीच्या टपावर पडला.
गाडीवाल्यानं टप बदलला नाही,
खळग्याभोवती लाल रंगाचं कडं काढलं
आणि आईसक्रीम दहा सेंटांनी महाग केलं.

नवव्या वर्षी चिठ्ठी आली: तेहेतीस.

वर्तमानपत्रांना उतरण आकड्यांत दिसते,
तीही वर्षभर उशिरा.
मला ती चिठ्ठीत दिसली, एका औंसाएवढी.
कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.
न्हाव्याला पहिला पांढरा केस दिसतो,
तो काय गावभर सांगत सुटतो?

मग साडेबत्तीस.
मग, मूठ जरा बारीक कर.
मग, टोक आतून कोर, वाटीसारखं.
तोवर पिचर त्याला छातीजवळ टाकायला लागले होते,
जिथं टाकायला पूर्वी कुणी धजत नसे.
चेंडू बॅटीला लागून मागच्या जाळीत जायचा.
लांबच्या बाकांवरचे लोक,
जे हात वर करून उभेच असायचे,
बसून शेंगा सोलू लागले.

चौदाव्या वर्षी, ऑगस्टात, फोन.
"एकतीस," म्हणाला. "पण मुठीवर चौतीस घाल."
मी गप्प.
"माझी बॅट कुणी उचलत नाही, वेन्डल. पोरं मान राखतात.
पण आकडा वाचतात."

आजोबांनी तराजूवरच्या तुळईत खिळ्यानं कोरून ठेवलंय:
वजन खरं लिहा.
त्याच तुळईखाली उभं राहून मी तापल्या लोखंडानं
तीन आणि चार डागले.
हात थरथरला नाही. हे सांगायला हवं.

मी बघायला गेलो. तेव्हा तो टोलेडोत,
बसनं फिरणाऱ्या संघात.
सातव्या डावात चेंडू उठला, जुन्यासारखा, दिव्यांच्याही वर.
सगळे उभे राहिले. मीही, टोपी हातात.
आणि कुंपणाशी उभ्या एका पोरानं
उडीसुद्धा न मारता तो झेलला.
एल्पिदिओ पहिल्या बेसपर्यंत धावला होता.
तिथून वळून त्यानं बॅट कुठं पडलीय ते पाहिलं,
खिशातून काही पडलंय का, असं बघतात तसं.

त्या डझनातल्या पाच पाठवायच्या राहिल्या.
हिवाळ्यात त्यानं फोन उचलला नाही,
मग नंबरच बदलला.
डोंगरातला ॲशही संपत आलाय,
हिरवा किडा सालीच्या आतून खातो.
मी आता मेपल लावतो लेथवर.

परवा नातवानं मांडणीवरची एक बॅट काढली,
मुठीवरचा आकडा वाचला,
दोनदा हवेत फिरवली.
"चौतीस एवढंच असतं?" म्हणाला.
"मला वाटलं, जड असेल."

मी म्हटलं, जागेवर ठेव.