मिशनच्या बारा गाद्या

एस्तेर भाभी आमच्या घरात आली
तेव्हा अब्बांनी हाफिजसाहेबांना विचारलं होतं.
हाफिजसाहेब दाढीतल्या दाढीत हसले.
किताबवाली आहे, रहीमभाई. चालते.
मेहेर ठरली: पाच हजार एक, आणि एक शिलाई मशीन.

दर रविवारी इलियास तिला फटफटीवर
मिशनच्या देवळापर्यंत सोडतो,
प्रार्थना संपेस्तोवर पानठेल्यावर थांबतो.
नाताळात अम्मी तिच्या माहेरी शीरखुर्मा धाडते,
ईद नसताना, किटलीला फडकं बांधून.
हे मी आधी सांगते
कारण पुढचं ऐकून कोणी म्हणायचं
की आमचं घर कडवं आहे.

आम्ही पिंजारी.
धुनकी गेली, यंत्र आलं,
कापसाचा भुरा तोच.
भुवयांवर बसतो, दुपारच्या भाकरीत जातो,
मुलगी वयात आली की तिच्या केसांवर
म्हातारपण टाकून जातो चार तास.

मिशनच्या दवाखान्यानं बारा गाद्या सांगितल्या
त्या साली याकोब खाटांची मापं घेऊन आला.
भाभीचा धाकटा भाऊ. तिथं रक्त तपासतो.
माझ्या आज्याचं नाव याकूब.
एका उकाराचा फरक, तो म्हणाला,
म्हणजे तुमच्या घरात मी आधीपासून राहतो.

अजान झाली की तो बोलता बोलता थांबायचा.
मी थांबायला विसरायची.
बाराव्या गादीला मी मुद्दाम उशीर केला.
याहून जास्त सांगत नाही.

अब्बा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं.
हात कापसात तसेच बुडवलेले.
"ते नाही होत व, पोरी."
काहून?
"तिकून येते. इकून जात नाही."

हाफिजसाहेबांकडे मीच गेले, ओढणी नीट घेऊन.
ते भला माणूस. खुर्ची दिली.
म्हणाले, आपण ईसाला मानतो, बेटी,
म्हणून भाभीचा नबी तुझ्या घरात सुखात आहे.
तुझ्या नबीची त्यांच्या घरात हमी कोण देणार?
मी म्हटलं, भाभीला कोणी दिली होती?
"तुझ्या बापानं. तुझ्या भावानं."
मग याकोबची हमी का नाही चालत?
ते बराच वेळ तसबीह ओढत बसले.
मग म्हणाले, त्यानं कलमा पढला
तर उद्या जुम्म्यानंतर निकाह लावतो.

याकोब म्हणाला, पढतो.
असं, जसं कोणी म्हणावं, येताना साखर आणतो.

मी नाही म्हटलं.
लोकांना वाटलं पोरगी शहाणी झाली.
अम्मीनं नजर उतरवली.
कोणाला सांगू, की पाच वेळा जी गोष्ट
मी खरी म्हणून तोंडावाटे काढते
ती त्यानं माझ्यासाठी खोटी काढावी
हे मला सोसलं नसतं.
नियम पाळणाऱ्यांनीच मला खोटं आणायला सांगितलं
आणि नियम मोडणारी मी ठरले.

यवतमाळच्या कचेरीत एक फॉर्म मिळतो.
त्यात दोघांचा धर्म वेगवेगळ्या रकान्यात लिहितात,
आणि दोन्ही रकाने तसेच राहू देतात.
मग नावं तीस दिवस भिंतीवर.
तीस दिवस म्हणजे दारव्ह्यात तीस वर्षं.
फॉर्म माझ्या उशीत आहे, कापसाच्या आत,
मान वळवली की कागद वाजतो.

आज भाभी नि मी गादीला टाचे घालतोय.
सुई मी वरून टोचते,
ती खालून ओढते, परत वर देते.
नुसती वरून गेली तर टाचा बसत नाही,
कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो.
हे आम्ही दोघी बोललो नाही.
नऊ वर्षांची रिफत दोरा ओवून देत होती,
तिच्यापुढं तर नाहीच.

दोरा संपला तेव्हा भाभी
खाली वाकलेलीच म्हणाली,
बुधवारची यष्टी साडेसहाला लागते.
मग गाठ दातानं तोडून
रिफतला म्हणाली, लांब ओव, बेटा.
अजून अर्धी गादी बाकी आहे.