न मरणाऱ्यांचा डाव

पहिल्याच रविवारी अंबादासनं जो कागद दिला
त्यावर पात्राचं नाव होतं वज्रभुज.
खाली: तलवार लागत नाही. आग लागत नाही. विष पचतं.
आणि अगदी तळाशी, पेन बदलून, निळ्यात:
हात तोडले तर लगेच परत उगवतात.

तबस्सुमची जादूगारीण वेळ थांबवायची,
दिवसातून कितीही वेळा.
रेवणसिद्धनं तर सरळ लिहिलेलं, सगळं येतं,
मग आठवून, उडणंपण.

मी सूत्रधार. नवीकोरी.
सुताच्या गावात शब्द शोभला, म्हणून घेतला.
नियमांचं पुस्तक सात रस्त्यावरून झेरॉक्स करून आणलेलं,
पानं उलटसुलट शिवलेली,
नाही कसं म्हणायचं ते पान बहुतेक दुकानातच राहिलं.
म्हटलं, चालतंय की.

विडी घरकुलातली गच्ची, मे महिना,
फरशी निवायला आठ वाजतात.
चादर अंथरली, मोराची, डागी मालातली,
एका मोराला मान नाही.
मोर म्हणजे डोंगर, किनार म्हणजे नदी,
शेंगाचटणीची वाटी म्हणजे किल्ला.

महिनाभर घडवलेला माझा राक्षस,
बारा डोकी, बारा आवाज, सगळे आरशासमोर पाठ केलेले,
पहिलं डोकं "कोण रे" म्हणायच्या आत संपला.
"पुढं?" रेवणसिद्ध म्हणाला, कडक भाकरी मोडत.
त्या लढाईत तेवढाच काय तो आवाज झाला.

पुढच्या रविवारी राक्षस मोठा केला.
त्याच्या पुढच्या रविवारी दोन केले.
मग आकाशच पाडलं त्यांच्यावर.
वेळ थांबली, आकाश अधांतरी,
वज्रभुजनं ते खांद्यावर घेतलं आणि जांभई दिली.
जांभई खरी होती, अंबादासची. रात्रपाळीवरून आलेला.
"काय करालालीस बे," तो म्हणाला, "आम्हाला मारालालीस का?"
हो म्हणणार होते.

त्या रात्री तिघांचे कागद घेऊन बसले, खोडरबर घेऊन.
शेजारी नाना जेकार्डची कार्डं तपासत होते,
एकेक पुठ्ठा दिव्यासमोर धरून.
उगाच विचारलं,
एखाद्या कार्डाला भोकच नसलं तर काय उमटतं?
"एमी लेदु," नाना म्हणाले.
काही नाही. ताणा उचललाच जात नाही.

मी निळी ओळ परत वाचली.
अंबादासच्या डाव्या हाताला करंगळी नाही.
मागात गेली, दहावीच्या सुट्टीत.
तबस्सुमची आई हजाराचा आकडा गाठेपर्यंत
घड्याळाकडे बघत नाही, आणि बघू देत नाही.
रेवणसिद्धचं मला अजून कळलेलं नाही.

खोडरबर डब्यात टाकला.

पाचव्या रविवारी राक्षस नव्हता.
वेशीत एक पोरगं बसलेलं, मांडीवर सुताचा गुंता.
सकाळपर्यंत सुटायला पाहिजे, म्हणालं.
वज्रभुज म्हणाला, तोडतो.
तोडायचा नाही.
तबस्सुमनं वेळ थांबवली.
थांबली, मी म्हटलं. पोरगंही थांबलं.
आता गुंता कुठून पडला, ते विचारायला कुणी नाही.

भाकरीकडे कुणाचा हात गेला नाही.
खाली गल्लीत कुणाची तरी फटफटी चालू होईना.
"मला हे येत नाही," रेवणसिद्ध म्हणाला,
आणि पेन मागितलं, कागदावर लिहून ठेवायला.

मग अंबादास पुढं सरकला.
कागदाकडे न बघता म्हणाला,
"टोक आधी शोधायचं नसतंय.
आधी सैल करायचं. असं."
आणि रिकाम्या हवेत, मान नसलेल्या मोराच्या वर,
नऊ बोटं चालू लागली.

कुणीतरी दुसरी बाजू धरा, म्हणाला.
तबस्सुमनं धरली.

फासा टाकायला सांगायचं मी विसरले.
पहिल्यांदाच करत होते, होतं असं.