हुरमुंज

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
रुझारिननं बांगडे बाजूला सारले, पारडं पुसलं
आणि माझे दोन्ही कॅमेरे
एकामागून एक काट्यावर ठेवले.
पहिला सहाशे ऐंशी, दुसरा सातशे चाळीस.
“साठ ग्रामांखातीर कित्याक झगडटा रे?
साठ ग्राम म्हणजे अर्दो बांगडो.”

लेव्हिन्हनं सोमवारपर्यंत दिलेत, भरवशावर.
ओरखडा आला तर तो माझा.
दोघांच्याही पोटात आरसा नाही.
माझ्या जुन्याच्या पोटात आहे. दर फोटोला
तो वर उडतो, खट्,
आणि नेमक्या त्या क्षणी मला काही दिसत नाही.
बावीस वर्षं जे जे टिपलं
ते ते न बघताच टिपलं.

काम देवळाचं आहे.
डिचोलीच्या पुढे, ओढ्यापलीकडे.
भिंतीवर कावी: पांढऱ्या चुन्यावर तांबडा लेप,
तो ओला असतानाच कोरून काढलेल्या
वेली, मोर, आणि एक हत्ती
ज्याची सोंड नळाच्या पाइपानं नेली.
पंधरा तारखेला समिती ऑइलपेंट मारणार. क्रीम.
डबे येऊन पडलेत सभामंडपात.
त्याआधी हात-हातभर भिंत,
धारदार, आणि रंग जसाच्या तसा.

पहिला कॅमेरा धारेचा. इतका, की
मोराच्या मानेशी कोरणी निसटली होती तेही दिसतं;
कोरणाऱ्यानं तिथंच एक पान घालून सावरलेलं.
एवढी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.
मी उगाच ओशाळलो.
पण त्याचा तांबडा गुलाबीकडे कलतो,
मेकअप केलेल्या नवरीच्या गालासारखा.
दुसरा मऊ बघतो. तडे मिटवतो.
तांबडा मात्र मातीचा देतो.

करडं कार्ड धरलं. व्हाइट बॅलन्स पुन्हा लावला.
भटजींना ट्यूबलाइट विझवायला लावली.
कोपऱ्यात पुनो मेस्त बसून होता;
भिंत आपल्या पणज्याची, असं तो सांगतो,
समिती सांगत नाही.
त्याला दोन्ही स्क्रीन दाखवल्या.
“हो न्हय,” म्हणाला. जरा थांबून, “तोय न्हय.”
उठला, खाली पडलेला गिलाव्याचा खपला उचलला,
चुरडला, माझ्या डाव्या अंगठ्यावर चोळला.
“हुरमुंज. घरा व्हर. जुळय.”

रात्री मॉनिटरसमोर अंगठा धरून बसलो
मतदान करून आल्यासारखा.
लाल दोन घरं खाली, पिवळा जरा वर.
जेवताना चमच्यानं जेवलो.
पहाटे तीनला जुळला, वाटलं.
मग टेबलावरचा दिवा बदलून बघितला,
तर अंगठाच वेगळ्या रंगाचा.

सोमवारी पहिला घेतला, धारेचा. अठरा हप्ते.
रंगाशी मी भांडत राहीन, राहतोच आहे;
निसटलेला हात
मागाहून आणता येणार नाही.

लेव्हिन्ह दुसरा परत घेताना उलटून बघत होता.
बटणाशी बोट थांबलं.
“हें तांबडें कितें?”
राहू दे, म्हणेपर्यंत
त्यानं फडक्यानं पुसलं होतं.