रकाना

अजनीच्या चौकात दोन दिवस
गाड्या मोजायचं काम होतं.
रोजचे साडेचारशे, वर पाण्याची एक बाटली.
फॉर्मवर रकाने : दुचाकी, चारचाकी, ऑटो, बस, ट्रक, इतर.
चार उभ्या काड्या, पाचवी आडवी, झाली जुडी.
तक्षशील त्या बाजूला, मी या बाजूला,
मधे शेहेचाळीस डिग्री.

इथं म्हणे स्टॉप होता, निंबाखाली.
पुलाच्या कामात निंब गेला, स्टॉप गेला.
बस थांबते ती ड्रायव्हरच्या सवयीनं,
आणि माणसं उभी राहतात विजेच्या खांबाच्या सावलीत,
एकामागे एक, खांबाएवढीच रुंद.
सावली सरकते तशी रांग सरकते.
नऊला ती पानठेल्याकडे तोंड करून असते,
बाराला खांब सावली गिळून टाकतो, रांग मोडते,
दुपट्टे पुन्हा ओले होतात.
चारनंतर ती रस्त्यात शिरते
आणि ऑटोवाले खेकसतात : मरता का बे!

सयनाबाईला मेडिकलला जायचं होतं,
नवऱ्याची पट्टी बदलायला.
"काय लिहून राहिली वं?"
"गाड्या."
"मंग मले कशात टाकलं?"

मी फॉर्म पाहिला. 'इतर'मधे
हातगाडी होती, बैलगाडीसुद्धा होती.

झिरो माईलचा दगड इथून जवळच.
तिथून सगळ्या गावांची अंतरं मोजत.
हा रस्ता अठ्ठावीस पावलांचा,
ओलांडायला बाईला सात मिनिटं लागली.
मिनिटांनाही रकाना नव्हता.

मग मी समासात पेन्सिलनं एक रेघ ओढली.
वर लिहिलं : पायी.
संध्याकाळपर्यंत काड्या समासात मावेनात,
पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गेल्या,
तिथून माझ्या तळहातावर.

देवघरे साहेब म्हणाले, "हे कोणी मागितलं?"
रागावले नाहीत. खोडलंही नाही.
फक्त झेरॉक्समधे समास येत नाही,
आणि वरच्या ऑफिसात झेरॉक्सच जाते.

दुसऱ्या दिवशी काम संपलं.
पैसे घेतले, खांबापाशी गेले.
सयनाबाई पिशवी पोटाशी घेऊन सरकली : "ये, मावते."
सावली दुभाजकापर्यंत पोचली होती,
आम्ही अर्धे रस्त्यात.
सवयीनं मोजलं. मी एकोणिसावी.
तीन जुड्या, चार सुट्या काड्या,
आणि पलीकडून, हात वर करून,
गाड्या थांबवत धावत येणारा
तक्षशील.