बावन्नावा सेकंद

लिएपायात नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
मी फ्रिज बंद करते, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबते,
वरची रुता कुत्र्याला घेऊन बाहेर पडेपर्यंत थांबते
आणि आनंद रेकॉर्ड करते.

दोन मिनिटं चौदा सेकंद आनंद.
त्याचाच साठ सेकंदांचा, तीसचा,
आणि एक गोल गोल फिरणारा, शेवट नसलेला.
युकुलेले, टाळ्या, मग पियानो,
पण पियानो फार विचारी नको,
गिऱ्हाईकाला त्यावर बोलायचं असतं.

आई कारखान्यात माशांच्या डब्यांना लेबलं लावायची.
मी सुरांना लावते:
उबदार. प्रेरणादायी. कॉर्पोरेट. दात.
'दात' खपतो. कसं कळलं, विचारू नका.

एकदा पैसे भरा, कुठेही वाजवा.
मला दिसतं ते एवढंच: ब्राझील, एक. कोरिया, दोन.
माझा वाटा अकरा युरो चाळीस सेंट.

बाबा ॲकॉर्डियन दुरुस्त करायचे.
त्यांनी विचारलं, हे कुणाचं म्हणून वाजतं?
म्हटलं, कुणाचंच नाही. नामानिराळं.
ते हसले नाहीत.
दुरुस्त केलेल्या प्रत्येक भात्याच्या आत, पुठ्ठ्यावर,
ते पेन्सिलीने लिहून ठेवत:
आर्विद्स, महिना, साल.
कधी कुणी उघडलंच तर.

त्या दिवशी ते मागे खुर्चीत होते.
हलू नका, म्हटलं होतं.
बावन्नाव्या सेकंदाला हलले.
खुर्ची कुरकुरली.
पुन्हा घे, म्हणाले.
मी उद्या म्हटलं, आणि रात्रीच फाइल चढवून मोकळी झाले,
भाडं थकलं होतं.

तेच सगळ्यात जास्त खपलं. चारशे सहा वेळा.
वर्षभराने तपासनिसाचं पत्र आलं:
बावन्नवर आवाज आहे, साफ करावा.
तोवर बाबा गेले होते.
मी कळवलं, ते वाद्य आहे.

आज वीज कंपनीला फोन लावला.
आपण रांगेत सातव्या क्रमांकावर आहात.
आणि मग तेच,
तारेतून येताना चपटं झालेलं,
टाळ्या पत्र्यावर पडाव्यात तशा.
मी बिल खाली ठेवलं, फोन कानात रुतवला.
त्यात खुर्ची ऐकू येईल की नाही, कुणास ठाऊक.
चाळीस. पंचेचाळीस.
इतक्यात कुणी उचलू नका.
एकोणपन्नास.

नमस्कार, काय मदत करू?

म्हटलं, बाई, मला परत रांगेत टाकता?
अगदी शेवटी चालेल.